बँजो मूळचा कुणाचा? आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या वाद्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाच तारांचा बँजो वाजवते. घरी आलेल्या माणसाला तो भिंतीवर दिसला की पहिल्या पाच मिनिटांत काही प्रश्न ठरलेले असतात, आणि चहा झाल्यावर, एखादी धून ऐकून झाल्यावर, दुसरे काही. ते सगळे इथे एकत्र लिहून काढले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपली, काही लांबली. ती लांबली कारण त्या गोष्टी थोडक्यात सांगणं मला बरोबर वाटत नाही.

गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तोच का हा बँजो?

नाही. मुंबई-कोकणात मिरवणुकीला, हळदीला ज्याच्यावर आपण नाचतो तो ‘बेंजो’ म्हणजे बुलबुलतरंग. लांबट पेटी, तिच्यावर तारा, आणि टाइपरायटरसारखी बटणं. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्याने तार छेडायची. त्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी ते १९१२ मध्ये तयार केलं. आपल्याकडे आल्यावर ते विजेवर चालू लागलं, ॲम्प्लिफायरला जोडलं गेलं आणि ताशा-ढोलकीच्या बरोबरीने पथकाचा आवाज झालं. त्या वाद्याला स्वतःचा मोठा इतिहास आहे. पण ज्या बँजोवरून त्याला हे नाव मिळालं तो दिसायला वेगळा, वाजायला वेगळा, आणि त्याची गोष्ट अटलांटिक महासागराच्या दोन काठांवर घडलेली आहे.

मग बँजो म्हणजे नेमकं कसं वाद्य?

डफासारखं गोल कडं डोळ्यांसमोर आणा. त्यावर ताणलेली पुडी. कड्यातून निघालेली लांब दांडी. दांडीवरून पुडीपर्यंत आलेल्या चार लांब तारा आणि एक आखूड. घोडी पुडीला चिकटवलेली नसते. तारांच्या दाबानेच उभी राहते. तार छेडली की तिचा कंप घोडीतून थेट कातड्यात उतरतो, म्हणून आवाज टणक निघतो आणि लगेच विरतो. सतारीसारखी लांब आस त्याला नाही. त्यामुळे वाजवणाऱ्याला सतत काहीतरी वाजवत राहावं लागतं, आणि सुराच्या अंगाने चाललेलं वाद्य तालाच्या अंगाने बोलू लागतं.

खरी खूण मात्र ती आखूड तार. तिची खुंटी वर टोकाला नसते, दांडीच्या मध्यावर बाजूला असते. ती दाबायची नाही, फक्त अंगठ्याने मधूनमधून छेडायची. तिचा स्वर सगळ्यांत उंच आणि कायम तोच. सतार शिकलेल्या माणसाला मी ‘ही चिकारी’ एवढंच सांगते, पुढचं त्याला आपोआप कळतं. हीच तार आपल्याला मागे आफ्रिकेपर्यंत घेऊन जाते.

बँजो तर अमेरिकन वाद्य. आफ्रिकेचा संबंध कुठून आला?

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत कोंबून अटलांटिक पार नेली गेली. त्यांतली सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत पोचली. बहुतेकांच्या हाती काहीच नव्हतं. बोटांत आणि कानांत जे होतं तेवढं मात्र कुणाला काढून घेता आलं नाही.

कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यांत ही माणसं राबत होती. एकाच मळ्यावर वेगवेगळ्या भाषांचे, वेगवेगळ्या राज्यांचे लोक एकत्र आणलेले असत. त्यांपैकी पुष्कळांच्या गावी भोपळ्यावर कातडं ताणून, त्यातून काठी आरपार घालून केलेली तंतुवाद्यं होती. भोपळ्याचा वेल नव्या भूमीतही लागत होता. त्यांनी तोच भोपळा वाळवला, त्यावर कातडं ताणलं. दांडी मात्र गोल काठीऐवजी सपाट केली आणि तारा बांधायला चामड्याच्या पट्ट्यांऐवजी खुंट्या बसवल्या, युरोपीय वाद्यांवर असतात तशा. म्हणून बँजो आफ्रिकेतून जसाच्या तसा आला असं म्हणणं चुकीचं. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी तो कॅरिबियनमध्ये, सतराव्या शतकात, घडवला. माझ्या मते ही त्याहून मोठी गोष्ट आहे. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात मरेपर्यंत राबणाऱ्या लोकांनी रात्री बसून एक नवं वाद्य तयार केलं.

जाता जाता एक सांगते. हा भोपळा आणि आपल्या तंबोऱ्याचा भोपळा एकाच जातीच्या वेलाचे. आपण ज्याची भाजी करतो त्या दुधीच्याच घरातले.

याला पुरावा काय?

भरपूर आहे, आणि त्यातला बराचसा ज्यांनी लिहून ठेवला ते गुलामगिरीचे लाभार्थी होते. ही गोष्ट वाचताना मनात ठेवावी लागते.

हान्स स्लोन हा आयर्लंडमध्ये जन्मलेला डॉक्टर १६८७ मध्ये जमैकाला गेला. पुढे याच्याच संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. १७०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने भोपळ्याच्या, दांडीच्या वाद्यांचं चित्र दिलं. तारांच्या जागी घोड्याचे केस किंवा वेलींचे सोललेले देठ वापरत, असंही लिहिलं. शिवाय तिथल्या एका मेळाव्यातलं संगीत ऐकून बातीस्त नावाच्या संगीतकाराने केलेलं स्वरलेखन त्याने छापलं. अमेरिका खंडात आफ्रिकी लोकांनी गायलेल्या-वाजवलेल्या संगीताचं इतकं जुनं लेखन क्वचितच सापडतं. धुनांची नावं पाहा: अंगोला, पापा, कोरोमांती. तीन वेगवेगळ्या मुलखांतल्या लोकांची नावं, एकाच अंगणात.

सुरिनाममध्ये १७७० च्या दशकात जॉन गॅब्रिएल स्टेडमन या सैनिकाने मिळवलेलं ‘बानिया’ नावाचं वाद्य आजही नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात आहे. आज जगात उरलेल्या बँजोंमध्ये तो सर्वांत जुना मानतात. हैतीतून १८४१ च्या सुमारास व्हिक्तोर शल्शेर यांनी नेलेला ‘बांझा’ पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. शल्शेर गुलामगिरीविरुद्ध लढणारे होते. फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी १८४८ मध्ये संपवण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आणि एक चित्र. साउथ कॅरोलायनातल्या जॉन रोझ नावाच्या मळेवाल्याने १७८५ ते १७९० च्या दरम्यान काढलेलं जलरंगचित्र. झोपड्यांसमोर काही माणसं उभी-बसलेली, एक जण काठी घेऊन नाचतो आहे, दोन बायका हातात काहीतरी घेऊन ताल धरताहेत, आणि उजवीकडे बसलेला माणूस भोपळ्याचा बँजो वाजवतो आहे. आखूड तार स्पष्ट दिसते. कुणाचंही नाव चित्रावर नाही. मी ते चित्र पाहते तेव्हा नेहमी वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहते.

थॉमस जेफरसनने व्हर्जिनियाविषयी लिहिताना या लोकांचं खास वाद्य ‘बँजार’ असून ते त्यांनी आफ्रिकेतून आणलं, असं स्वच्छ नोंदवलं आहे. ज्या माणसाने आयुष्यभरात ६०० हून अधिक लोक गुलाम म्हणून बाळगले, त्यालाही याबद्दल शंका नव्हती. शंका पुढच्या पिढ्यांनी निर्माण केली.

आफ्रिकेत आज असं वाद्य वाजतं का?

वाजतं, आणि एक नाही. पश्चिम आफ्रिकेत मांदे लोकांचा न्गोनी आहे, वोलोफ लोकांचा खालाम आहे, फुलानी लोकांचा होडू आहे. हे बहुधा लाकूड कोरून केलेल्या खोडाचे असतात, आणि घराण्याने भाटांकडे, म्हणजे ग्रिओंकडे असतात. राजांच्या वंशावळी, लढाया, पोवाडे गाणारी ही माणसं.

पण बँजोच्या सगळ्यांत जवळचा वाटतो तो अकोंटिंग. गाम्बिया, सेनेगलचा कासामांस प्रदेश आणि गिनी-बिसाऊ इथल्या जोला लोकांचा. भोपळा, त्यावर बकरीचं कातडं, आरपार गेलेली लांब काठी, पुडीवर नुसती टेकलेली घोडी, तीन तारा, त्यांपैकी एक आखूड. हे भाटांचं वाद्य नाही. भातशेती करणाऱ्यांचं आहे, संध्याकाळी ताडी घेऊन बसलेल्यांचं. कुणीही वाजवावं असं.

डॅनियल जाटा हे गाम्बियाचे जोला गृहस्थ शिकायला अमेरिकेत गेले, तिथे बँजो ऐकला, आणि त्यांना वडिलांचा अकोंटिंग आठवला. परत जाऊन ते वडिलांकडून आणि गावातल्या जाणत्यांकडून वाद्य शिकले, वर्षानुवर्षं माहिती गोळा केली आणि २००० साली अमेरिकेत बँजोच्या अभ्यासकांसमोर ते वाजवून दाखवलं. तिथल्या लोकांना वाद्याच्या आकारापेक्षा वादनाच्या ढंगाने हलवलं. उजव्या हाताच्या बोटाचं नख तारेवर वरून खाली मारायचं, आणि लगेच अंगठ्याने आखूड तार सोडायची. अमेरिकेत बँजोची जी सर्वांत जुनी पद्धत आहे, ज्याला आज ‘क्लॉहॅमर’ म्हणतात, तिच्यात हात असाच चालतो. चित्रं खोटी काढता येतात, कागद हरवतात. हाताची सवय मात्र गुरूकडून शिष्याकडे तीनशे वर्षं कशी उतरत गेली, हे त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

‘बँजो’ हा शब्द कुठल्या भाषेतला?

जुन्या कागदांत बांझा, बँजर, बँजार, बानिया, स्ट्रम-स्ट्रम अशी कितीतरी नावं येतात. अंगोलातल्या किंबुंदू भाषेतला ‘म्बान्झा’ शब्द याच्या मुळाशी असावा असं अनेक अभ्यासक मानतात.

आफ्रिका म्हटलं की ढोल आठवतात. अमेरिकेत ते ढोल कुठे गेले?

बंदी घातली गेली. ९ सप्टेंबर १७३९ रोजी, रविवारी, साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत, निशाण घेऊन ते दक्षिणेकडे स्पॅनिश फ्लोरिडाच्या दिशेने निघाले, कारण तिथे स्वातंत्र्य मिळेल असं त्यांना कळलं होतं. उठाव मोडला गेला. पुढच्या वर्षीच्या कायद्याने गुलामांना ढोल, शिंगं आणि मोठ्या आवाजाची वाद्यं बाळगायला मनाई केली. ढोल म्हणजे निरोप, ढोल म्हणजे जमाव, हे मालकांना नीट कळलेलं होतं.

मग ताल अंगात शिरला. मांड्या, छाती, तळवे यांवर थापा मारून वाजवायची ‘जुबा’ तयार झाली. जॉर्जिया-कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ‘रिंग शाउट’ टिकला: लोक घड्याळाच्या उलट्या दिशेने फेर धरतात, पाय एकमेकांवरून न टाकता सरकवत चालतात, एक जण गाणं सांगतो, बाकीचे ओढतात, आणि एक जण काठी लाकडी जमिनीवर आपटून ढोलाचं काम करतो. जॉर्जियातल्या मॅकिंटॉश काउंटीतल्या मंडळींनी तो आजपर्यंत चालवला आहे.

त्रिनिदादमध्ये याच गोष्टीने वेगळं वळण घेतलं. १८८१ मध्ये कार्निव्हलच्या मशालमिरवणुकीवरून पोलिसांशी दंगल झाली, १८८४ मध्ये ढोलांवर निर्बंध आले. लोकांनी बांबू तोडले आणि वेगवेगळ्या लांबीचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. त्याला ‘टांबू-बांबू’ म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बांबूच्या जागी बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, गाड्यांचे सुटे भाग आले. पत्र्याला पडलेल्या पोच्यांतून वेगवेगळे स्वर निघतात हे पोरांच्या ध्यानात आलं, आणि तेलाच्या पिंपातून स्टीलपॅन जन्मला. वाजवणाऱ्यांना तेव्हा गुंड म्हणत; घरातल्या मुलीला त्यांच्या वस्तीत जायची परवानगी नसे. १९५१ मध्ये त्यांच्यातलेच निवडक वादक लंडनच्या ब्रिटन महोत्सवात गेले आणि गंजलेल्या पिंपांवर वाजवून लोकांना थक्क करून आले. आज स्टीलपॅन त्रिनिदाद आणि टोबॅगोचं राष्ट्रीय वाद्य आहे.

चेहऱ्याला काळं फासून बँजो वाजवणाऱ्या गोऱ्या लोकांची जुनी चित्रं दिसतात. ते काय प्रकरण आहे?

या इतिहासातला सर्वांत दुखरा भाग. व्हर्जिनियातल्या ॲपोमॅटॉक्सचा जोएल वॉकर स्वीनी (१८१० ते १८६०) आसपासच्या कृष्णवर्णीय गुलामांकडून बँजो शिकला आणि रंगमंचावर गेला. बँजो वाजवणारा तो पहिला नावानिशी ठाऊक असलेला गोरा. १८४३ मध्ये न्यू यॉर्कमध्ये ‘व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स’ या चौघांनी पूर्ण रात्रीचा कार्यक्रम केला: बँजो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), खंजिरी आणि हाडांच्या चिपळ्या. जळक्या बुचाची काजळी चेहऱ्याला फासायची, ओठ मोठे रंगवायचे, आणि आळशी, मूर्ख, सदा आनंदी गुलामाची नक्कल करायची. पुढची कित्येक दशकं अमेरिकेतलं हे सर्वांत लोकप्रिय करमणुकीचं साधन होतं. ‘जिम क्रो’ हे अशाच एका काळं फासलेल्या नटाने लोकप्रिय केलेलं पात्र. पुढे वर्णभेदाच्या कायद्यांना तेच नाव पडलं.

बाल्टिमोरच्या विल्यम बाउचर या ढोल बनवणाऱ्याने १८४० च्या दशकात लाकडी कड्याचे बँजो विक्रीसाठी बनवायला घेतले. भोपळा गेला. त्या शतकाच्या उत्तरार्धात दांडीवर पडदे आले, धातूच्या तारा आल्या, सुखवस्तू घरांतल्या मुली दिवाणखान्यात बँजो शिकू लागल्या. जाहिरातींतून आफ्रिका हळूहळू पुसली गेली.

पाचवी तार स्वीनीने लावली असं वाचलं होतं.

चुकीचं आहे. आखूड तार त्याच्या जन्माआधीच्या चित्रांत दिसते. पण ही गोष्ट शंभर वर्षं छापली गेली, कारण शोध लावणारा गोरा असला की अनेकांना हायसं वाटत होतं.

मग आज बँजो म्हटलं की डोंगरातला गोरा माणूसच का आठवतो?

यात ग्रामोफोन कंपन्यांचा हात मोठा. १९२० मध्ये मॅमी स्मिथ यांची ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या दुःखाच्या गाण्यांची, तबकडी तुफान खपली, तेव्हा कृष्णवर्णीय गिऱ्हाईक पैसे मोजतं हे कंपन्यांना उमगलं. त्यांनी दोन वेगळ्या याद्या केल्या. कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’, त्यात ब्लूज. दक्षिणेतल्या गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’, त्यात फिडल आणि बँजो. प्रत्यक्षात गावागावांत कृष्णवर्णीयांची फिडल-बँजोची जोडी होतीच. गोऱ्यांच्या नाचालाही तेच वाजवत. पण ते कंपनीच्या दारी गेले की त्यांना ब्लूज मागितला जाई. जे ध्वनिमुद्रित झालं नाही ते पुढच्या पिढीसाठी घडलंच नाही असं ठरलं.

आणि शिकवणारे? कार्टर कुटुंबाची गाणी कंट्री संगीताचा, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण ढंगाच्या लोकप्रिय संगीताचा, पाया मानतात. ती गाणी गोळा करायला ए. पी. कार्टर यांच्याबरोबर लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक गावोगाव हिंडत. कार्टर शब्द टिपून घेत, चाल रिडल लक्षात ठेवत. ब्लूग्रास या कंट्रीच्याच वेगवान प्रकाराचे जनक बिल मन्रो यांच्यावर केंटकीच्या अर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचा प्रभाव होता, हे मन्रो स्वतः सांगत. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज मन्रोंच्या ताफ्यात आले आणि त्यांच्या तीन बोटांच्या वेगवान वादनाने बँजोचा नवा चेहरा तयार झाला. स्क्रग्ज थोर वादक, त्यात वाद नाही. पण तोवर लोकांच्या मनातलं बँजोचं घर पक्कं बदललं होतं.

कृष्णवर्णीयांनी स्वतःच बँजो का सोडला?

ज्या वाद्याकडे पाहिलं की काजळी फासलेला तोच विदूषक आठवतो, ते वाद्य मुलाच्या हातात कोण देईल? वाद्य कला म्हणून न येता अपमानाची खूण म्हणून कपाळी आलं, तर ते खाली ठेवण्यातही स्वाभिमान असतो. हलगी कुणी वाजवायची हे जिथे जातीने ठरवलं, त्या महाराष्ट्रात हे फार फोडून सांगावं लागू नये.

दुसरी कारणंही आहेत. स्वस्त गिटार टपालाने घरी येऊ लागली आणि तिच्यावर ब्लूजची ओढलेली, रडवेली तार जास्त शोभू लागली. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यू यॉर्कसारख्या शहरांकडे गेले. त्यांच्याबरोबर ते नाचही उठून गेले ज्यांसाठी फिडल-बँजो लागत.

नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेल्या एलिझाबेथ कॉटन यांच्या एका आयुष्यात हे सगळं दिसतं. लहानपणी भाऊ घरी नसताना त्या त्याचा बँजो काढून वाजवत. डावखुऱ्या असल्याने वाद्य उलटं धरायच्या. पुढे तशीच उलटी गिटार धरून त्यांनी स्वतःची शैली घडवली, अकरा-बारा वर्षांच्या असताना मालगाडीवर केलेलं त्यांचं गाणं जगभर पोचलं. मधली कित्येक वर्षं त्यांनी लोकांच्या घरची कामं केली आणि वाद्याला हात लावला नाही. साठीनंतर त्या मंचावर आल्या, आणि नव्वदी ओलांडल्यावर त्यांना ग्रॅमी मिळालं.

म्हणजे परंपरा तुटली?

तुटत आली होती. एका घराने धरून ठेवली, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

नॉर्थ कॅरोलायनातल्या मेबनचे जो थॉम्पसन (१९१८ ते २०१२) फिडल वाजवत, त्यांचे चुलतभाऊ ओडेल बँजो. त्यांचे वडीलही याच जोडीने वाजवत. शेजारपाजारचे सगळे एखाद्याच्या खळ्यावर मक्याची कणसं सोलायला जमत, आपल्याकडच्या इर्जिकीसारखे. काम संपलं की जेवण, आणि जेवण झालं की थॉम्पसनांच्या वाद्यांवर नाच. जो यांनी आयुष्यभर फर्निचरच्या कारखान्यात काम केलं. १९७० च्या दशकात लोकसंगीताचे अभ्यासक त्यांना शोधत आले, तेव्हा दोघा भावांनी वाद्यं पुन्हा बाहेर काढली. १९९४ मध्ये ओडेल गेले, तरी जो वाजवत राहिले.

एप्रिल २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्याच बून इथे, ॲपलाचियन स्टेट विद्यापीठात, ‘ब्लॅक बँजो गॅदरिंग’ भरलं. बँजो वाजवणारे कृष्णवर्णीय, आपण एकटेच आहोत असं समजणारे, तिथे एकमेकांना भेटले. रिॲनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे तिथूनच एकत्र आले आणि जो यांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर बसून शिकू लागले. ध्वनिमुद्रण ऐकून नव्हे, समोर बसून. त्यांच्या ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ या गटाला २०११ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेव्हा जो हयात होते.

गिडन्स यांना २०२३ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं, मायकेल एबल्स यांच्याबरोबर रचलेल्या ऑपेरासाठी. तो ओमर इब्न सईद यांच्यावर आहे. सेनेगलच्या परिसरातून पकडून आणलेल्या या विद्वानाने गुलामगिरीतच, १८३१ मध्ये, अरबी भाषेत आत्मचरित्र लिहिलं. आणि २०२४ मध्ये बियॉन्सेच्या ज्या गाण्याने कंट्रीच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला, त्याच्या सुरुवातीला जो बँजो वाजतो तो गिडन्स यांचाच.

बँजोखेरीज आणखी कुठली वाद्यं?

खूप आहेत, मी माझ्या आवडीची सांगते.

मिसिसिपीत मुलं घराच्या लाकडी भिंतीवर झाडूची तार ताणून बांधत, खाली-वर बाटली किंवा दगड अडकवत, आणि दुसरी बाटली तारेवर सरकवून सूर काढत. एकच तार. ‘डिडली बो’. पुढे मोठे झालेले कितीतरी ब्लूज गिटारवादक पहिला सूर इथे शिकले. अख्खं घरच त्यांचा तुंबा होतं.

‘क्विल्स’ म्हणजे बोरूच्या नळ्या ओळीने बांधून केलेलं फुंकवाद्य. टेक्ससचे हेन्री थॉमस गळ्यात ते अडकवून, गिटारबरोबर वाजवत. १९२८ मधली त्यांची एक धून चाळीस वर्षांनी ‘कॅन्ड हीट’ या रॉक गटाने उचलली आणि ती घराघरांत गेली. थॉमस यांचं नाव गेलं नाही.

गस कॅनन यांनी पहिला बँजो तळायचा तवा आणि रॅकूनचं कातडं यांतून केला होता. पुढे मेम्फिसमध्ये त्यांचा ताफा होता, त्यात सुरईत फुंकून खर्ज काढत.

आणि उत्तर मिसिसिपीतलं बासरी-ढोल. ओथा टर्नर तापलेल्या सळीने बांबूला भोकं पाडून बासरी करत. दर उन्हाळ्याच्या शेवटी त्यांच्या शेतावर बकरा भाजला जाई आणि रात्रभर ढोल चाले. २००३ मध्ये ते गेले, त्याच दिवशी त्यांची मुलगीही गेली. दोघांच्या अंत्ययात्रेपुढे बासरी वाजवत चालत होती १३ वर्षांची नात, शार्डे.

जंजिऱ्याच्या सिद्दींचा याच्याशी संबंध आहे का?

थेट नाही. बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेचे. सिद्दी आले मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आणि इथिओपियातून, अरबी समुद्र ओलांडून. काही विकले जाऊन, काही सैनिक-खलाशी म्हणून. निजामशाहीचा मलिक अंबर असाच विकला गेलेला हबशी होता, आणि जंजिऱ्याच्या सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत टिकलं. अमेरिकेतल्या गुलामीहून हा इतिहास फार वेगळा आहे, दोन्ही एकात मिसळू नयेत.

पण वाद्यांची आठवण इथेही जगली. गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बाबा गोर यांचा दर्गा आहे. तिथल्या सिद्दींच्या ‘धमाल’ या नाचगाण्यात मोठे ढोल, नारळाच्या करवंटीचे खुळखुळे आणि ‘मलुंगा’ असतो. मलुंगा म्हणजे धनुष्याला भोपळा बांधलेलं एकतारी वाद्य, काठीने वाजवायचं. ब्राझीलचा बेरिंबाऊ शेजारी ठेवा: धनुष्य, तार, भोपळा, काठी. एक अरबी समुद्रावरून गेला, दुसरा अटलांटिकवरून.

‘निग्रो’ म्हणावं का?

आज नाही. जुन्या मराठी लेखनात तो शब्द सर्रास येतो आणि जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या नावांतही दिसतो, पण माणसांविषयी बोलताना ‘कृष्णवर्णीय’ किंवा ‘आफ्रिकी-अमेरिकी’ म्हणावं.

बँजो शिकायचा तर सुरुवात कशी करू?

पाच तारांचा, मागून उघडा बँजो घ्या. चार तारांचा घेऊ नका. तो जॅझच्या आणि आयरिश वादनाच्या कामाचा, त्याला अंगठ्याची तार नसते. सगळ्यांत रुळलेली जुळवणी आपल्या स्वरांत सांगायची तर अशी: आखूड तार तार सप्तकाचा सा, मग लांब तारा ओळीने मंद्र प, मध्य सा, ग, प. म्हणजे काहीही न दाबता हात फिरवला की वाद्य स्वतःच सूर धरून बसतं.

कधी भोपळ्याचा, बिनपडद्याचा बँजो हाती आला तर सोडू नका. त्यावर मींड घेता येते. पडद्यांच्या बँजोवर जे स्वर दोन पडद्यांच्या मध्ये हरवतात, ते तिथे सापडतात.

आणि ऐकायला?

जो आणि ओडेल थॉम्पसन यांच्यापासून सुरुवात करा. मग कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स, आणि त्यानंतर लगेच जोला लोकांचा अकोंटिंग, याच क्रमाने, एकाच बैठकीत. पहिल्यांदा फक्त फिडल ऐकू येतं. एकच धून लावून चार-पाचदा ऐका. मग त्या गलक्यातून अंगठ्याची तार वेगळी होऊ लागते, मात्रेच्या किंचित मागे पडणारी, कायम तोच उंच सा.